अल्पाइन, स्लिम की डिस्ट्रोलेस? बेस इमेजचा घोळ

प्रश्न : नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्था वापरतात. मुख्य सेवा पायथनमध्ये आहे आणि तिच्यातूनच मराठी पावत्या, खातेउतारे पीडीएफमध्ये निघतात. व्याज आकारणीचं जुनं काम जावात आहे, एसएमएस पाठवणारी छोटी सेवा गोमध्ये, आणि डेटाबेस पोस्टग्रेस. सगळं डॉकरमध्ये चालतं, म्हणजे प्रत्येक सेवा तिला लागणाऱ्या फायलींसकट एका बंद डब्यात (कंटेनर). त्या डब्याचा साचा म्हणजे इमेज, आणि ती ज्या तयार इमेजवर बांधतात ती बेस इमेज. आता एका बँकेने आमच्याकडे सुरक्षा तपासणीचा अहवाल मागितला आहे. इमेजमधल्या माहीत असलेल्या सुरक्षा त्रुटी शोधणारा स्कॅनर चालवला तर एकट्या पायथनच्या इमेजवर त्रुटींच्या शेकडो ओळी आल्या. अल्पाइन ही अगदी लहान लिनक्स. आमचे सर म्हणतात, ‘सगळं अल्पाइनवर टाक, विषय संपला.’ टाकून बघितलं. ओळी गेल्या, पण बिल्डला भलताच वेळ लागायला लागला आणि पीडीएफमध्ये मराठी अक्षरांच्या जागी चौकोन यायला लागले. एक सहकारी म्हणतो डिस्ट्रोलेसच घ्यायचं, म्हणजे जिच्यात शेलसुद्धा नाही अशी इमेज, बाकी सगळं जुनाट. पोस्टग्रेसही अल्पाइनवर न्यायचं घाटतंय. सोमवारी बैठक आहे. मी काय सांगू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. बैठक तोंडावर आली आहे, म्हणून आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. पायथनची सेवा डेबियन या लिनक्सच्या स्लिम, म्हणजे छाटलेल्या इमेजवर न्या. गोची सेवा डिस्ट्रोलेसवर टाका, तिथे तुमच्या सहकाऱ्याचं अगदी बरोबर आहे. जावाची सेवा जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी, जिच्यावर बाकीचे प्रोग्राम उभे असतात) असलेल्या जेआरई इमेजवर ठेवा, म्हणजे जिच्यात जावा चालवण्यापुरतंच सामान असतं. आणि पोस्टग्रेसला अल्पाइनवर नेऊ नका. हे शेवटचं वाक्य बैठकीत सगळ्यांत आधी बोला, कारण बाकीच्या चुका परत फिरवता येतात आणि ही फिरवताना डेटा हाताशी धरून बसावं लागतं.

आता त्या शेकडो ओळींकडे वळू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला आहे.

पत्रात तुम्ही टॅग, म्हणजे इमेजच्या नावापुढची आवृत्तीची खूण, दिलेला नाही, पण शेकडो ओळी आणि मुकाट चालणारा बिल्ड म्हटल्यावर तुमची इमेज पायथनची पूर्ण इमेज असणार, म्हणजे टॅगमध्ये फक्त आवृत्तीचा आकडा, पुढे काही नाही. ही इमेज ‘बिल्डपॅक-डेप्स’ नावाच्या इमेजवर उभी असते. कुठलंही पॅकेज सोर्समधून बांधता यावं म्हणून तिच्यात जीसीसी हा कंपायलर, गिट, इमेजमॅजिकच्या डेव्हलपमेंट फायली, निरनिराळ्या डेटाबेसांची हेडर्स असं सगळं भरलेलं असतं. आकार साधारण एक जीबी. स्कॅनरचा अहवाल उघडा आणि पॅकेजच्या नावाच्या रकान्यावरून नजर फिरवा. ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ हे नाव पुन्हा पुन्हा दिसेल. त्या पॅकेजात लिनक्स कर्नलची फक्त हेडर्स असतात, म्हणजे कंपाइल करताना वाचायच्या मजकुराच्या फायली. तुमच्या कंटेनरमध्ये कर्नल नसतोच, तो होस्टचा असतो. तरी हे पॅकेज कर्नलच्याच सोर्समधून तयार होत असल्यामुळे कर्नलमध्ये सापडलेली प्रत्येक त्रुटी त्याच्या नावावर मांडली जाते. तुमच्या यादीचा मोठा हिस्सा हाच असेल. त्यानंतर इमेजमॅजिकचा नंबर.

यातलं एकही पॅकेज तुमची सेवा चालायला लागत नाही. ते लागतं बांधताना. त्यामुळे इलाज डिस्ट्रो बदलण्याचा नाही, बांधायची जागा आणि चालायची जागा वेगळी करण्याचा आहे. डॉकरमध्ये त्यासाठी मल्टी-स्टेज (अनेक टप्प्यांचा) बिल्ड २०१७ पासून आहे. पहिल्या टप्प्यात पूर्ण इमेज घ्या, तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनच्या पॅकेजेसचं वेगळं फोल्डर) तयार करून सगळी पॅकेजेस बसवा. दुसरा टप्पा स्लिम इमेजवरून सुरू करा आणि ते एन्व्हायर्नमेंट तेवढं उचलून आणा. एक जीबीची इमेज दोनशे-तीनशे एमबीत बसेल आणि हेडर्सच्या नावावरच्या ओळी एका फटक्यात जातील.

फक्त दोन्ही टप्प्यांवर डेबियनची आवृत्ती एकच ठेवा. बांधायचा टप्पा ट्रिक्सीवर (डेबियन १३) आणि चालायचा बुकवर्मवर (डेबियन १२) असं झालं, तर बिल्ड बिनबोभाट पार पडतो आणि कंटेनर सुरू होताना ‘जीलिबसी २.३८ नॉट फाउंड’ अशा धर्तीची ओळ टाकून मरतो. ट्रिक्सीत जीलिबसी २.४१ आहे, बुकवर्ममध्ये २.३६. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही. आणि हे नकळत होऊ शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी आली, तेव्हा डॉकर हब या इमेजच्या सार्वजनिक भांडारातल्या अधिकृत इमेजचे नुसते ‘स्लिम’ म्हणणारे टॅग बुकवर्मवरून ट्रिक्सीवर सरकले. ज्यांनी टॅगमध्ये डेबियनचं नाव लिहिलेलं नव्हतं, त्यांचा पाया त्यांना न विचारता बदलला. म्हणून टॅगमध्ये नाव पूर्ण लिहा : ३.१२-स्लिम-बुकवर्म किंवा ३.१२-स्लिम-ट्रिक्सी.

स्लिमवर गेल्यानंतरही यादीत काही ओळी उरतील. त्या बघून सर पुन्हा अल्पाइनकडे बोट दाखवतील, तेव्हा पुढचा मुद्दा कामी येईल. डेबियनची सुरक्षा टीम माहीत असलेली प्रत्येक त्रुटी जाहीर नोंदवते, दुरुस्त झालेली आणि न झालेलीसुद्धा. एखादी त्रुटी किरकोळ वाटली तर तिच्यासाठी स्वतंत्र सुरक्षा अपडेट काढणार नाही, असंही तिथे लिहिलेलं असतं. स्कॅनर ही सगळी नोंद वाचून तुमच्यासमोर मांडतो. अल्पाइनची सुरक्षा यादी वेगळ्या पद्धतीची आहे. तिच्यात ज्या त्रुटी दुरुस्त झाल्या त्याच नोंदवलेल्या असतात, अमुक आवृत्तीत अमुक बरी झाली, अशा. अजून न सुटलेली त्रुटी त्या यादीत नाही, त्यामुळे स्कॅनरलाही दिसत नाही. अल्पाइनमध्ये पॅकेजेस मुळातच कमी असतात, म्हणून ओळी कमी येतात हे खरं. पण अल्पाइनचा शून्य आणि डेबियनचे चाळीस यांची थेट तुलना होत नाही. एका बाजूला थकबाकी वहीत लिहिलेली आहे, दुसऱ्या बाजूला फक्त फेडलेल्या रकमांची वही आहे. पतसंस्थांचं काम करणाऱ्या सरांना हे एका वाक्यात पटेल.

मग बँकेला काय द्यायचं? ट्रिव्ही किंवा ग्राइप, जो स्कॅनर तुम्ही वापरता त्याचे दोन अहवाल काढा. एक संपूर्ण, आणि एक फक्त दुरुस्ती उपलब्ध असलेल्या त्रुटींचा. ट्रिव्हीत त्यासाठी ‘इग्नोअर-अनफिक्स्ड’ हा पर्याय आहे. दुसरा अहवाल कोरा असायला हवा, त्यात सबब चालत नाही. दुरुस्ती आलेली आहे आणि आपण घेतलेली नाही, हे आपलंच काम राहिलेलं आहे. पहिल्या अहवालात उरलेल्यांपैकी गंभीर आणि अतिगंभीर श्रेणीच्या ओळी एकेक करून वाचा, डेबियनच्या ट्रॅकरवर त्यांची नोंद बघा आणि ती त्रुटी आपल्या सेवेला लागू पडते का, हे प्रत्येकीपुढे दोन ओळींत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण बँकेच्या तपासणीसाला नुसत्या शून्यापेक्षा हा कागद जास्त विश्वासार्ह वाटतो. सोबत इमेजमधल्या सगळ्या घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, काढून द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये एसबीओएमबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यामुळे आज मागितली नसली तरी उद्या मागतीलच.

आणि बेस इमेज कितीही चांगली निवडली तरी तुमच्या स्वतःच्या लायब्ररी तिच्या बाहेरच राहतात, हेही बैठकीत सांगा. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी आठवत असेल. ती जावाच्या जार फायलीत होती. खाली अल्पाइन होतं, डेबियन होतं की रेड हॅट, याने काडीचा फरक पडला नाही.

आता अल्पाइन. त्याबद्दल मला आदर आहे आणि त्याला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. छोटी टीम आहे, काम नेटकं आहे, दर मे आणि नोव्हेंबरच्या सुमाराला नवी आवृत्ती येते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावायचा आहे, छोटं साधन चालवायचं आहे, तर अल्पाइन जरूर घ्या. प्रश्न असा की अल्पाइन घेतलं की नुसता आकार लहान होत नाही, सी लायब्ररीच बदलते. डेबियन, उबुंटू, रेड हॅट हे सगळे जीलिबसीवर चालतात, अल्पाइन मसल या दुसऱ्या, लहान सी लायब्ररीवर. पायथनच्या पॅकेजेसच्या आधीच बांधून ठेवलेल्या फायली, ज्यांना आपण व्हील म्हणतो, त्या वर्षानुवर्षं जीलिबसीसाठीच बनत होत्या. मसलसाठी वेगळ्या व्हीलची सोय २०२१ मध्ये झाली आणि लोकप्रिय पॅकेजेस आता ती देतातही. पण ज्या पॅकेजने दिलेली नाही, ते पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन, सोर्समधून बांधायला घेतो. तुमचा बिल्ड रेंगाळतोय तो इथे. बिल्डचा लॉग उघडा, कुठल्या पॅकेजपाशी ‘बिल्डिंग व्हील’ म्हणून थांबतो ते दिसेल. स्लिमवर तेच पॅकेज काही सेकंदांत उतरून बसेल.

बाकीचे फरक हळूहळू समोर येतात. मसल नव्या थ्रेडला (प्रोग्राममधल्या समांतर कामाला) १२८ केबीचा स्टॅक, म्हणजे कामापुरती मेमरी, देते, जीलिबसीच्या सिस्टिमवर तो सहसा ८ एमबी असतो. खोलवर स्वतःला बोलावत जाणारा सी कोड एकीकडे चालतो आणि दुसरीकडे कोसळतो. अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागत असतील तर मसल मंदावते. सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचं मोठं उत्तर टीसीपीवरून घ्यायची सोय मसलमध्ये मे २०२३ पर्यंत नव्हतीच. ती अल्पाइन ३.१८ मध्ये आली, म्हणून त्याआधीची अल्पाइन इमेज कुठे शिल्लक असेल तर ती आधी काढा. यातलं काहीही तुमच्या टेस्टमध्ये दिसेलच असं नाही. मार्चअखेरीला, सगळ्या पतसंस्था एकदम अहवाल काढायला बसल्या की दिसेल.

चौकोनांचा दोष मात्र अल्पाइनवर टाकू नका. स्लिमवर गेलात तरी ते येतील. पूर्ण इमेजमध्ये इतर पॅकेजांच्या ओढीने बरंच काही आपसूक येतं, लहान इमेजमध्ये फॉन्ट कुणी ठेवलेले नसतात. डेबियनवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे छोटं पॅकेज पुरेल. नोटो हवा असेल तर ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ घ्या, त्यात देवनागरीसोबत जगभरच्या लिप्या येतात आणि आकार वाढतो. माझं मत विचाराल तर संस्थेला हवा तो फॉन्ट, परवाना तपासून, तुमच्या कोडसोबतच ठेवा आणि इमेजमध्ये स्वतः कॉपी करा. उद्या पाया बदलला तरी पावती तशीच दिसली पाहिजे.

चौकोन गेले म्हणजे काम झालं असंही नाही. फॉन्ट असून जोडाक्षरं तुटतात, वेलांटी चुकीच्या बाजूला पडते, ही पुढची पायरी असते. अक्षरांची जुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते, आणि तुमची पीडीएफ लायब्ररी त्याच्यामार्फत किंवा त्यावर उभ्या असलेल्या पँगोमार्फत मजकूर मांडत नसेल तर कुठलाही फॉन्ट घालून उपयोग नाही. बिल्डच्या शेवटी एक चाचणी पावती काढायची पद्धत ठेवा. तिच्यावर ‘लक्ष्मी’, ‘कुऱ्हाडे’, ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’, ‘दर्शिका’ ही नावं छापा आणि ती पावती डोळ्यांनी बघा. खातेदाराचं नाव तुटकं छापलं गेलं तर त्याला लिबसीशी देणंघेणं नसतं.

पोस्टग्रेसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे सर्वांत जास्त नुकसान होऊ शकतं.

डेटाबेसमधला मजकुराचा इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन शोधायची सूची, विशिष्ट क्रमाने लावलेला असतो. तो क्रम पोस्टग्रेस, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, खालच्या सी लायब्ररीला विचारून ठरवतं. आता तोच डेटाचा व्हॉल्यूम (साठा) उचलून अल्पाइनच्या पोस्टग्रेसला जोडला, तर डेटा तोच राहतो, इंडेक्स तोच राहतो, आणि क्रम सांगणारी लायब्ररी बदलते. मसल शब्दांची तुलना निव्वळ बाइटच्या क्रमाने करते. जुन्या क्रमाने लावलेल्या इंडेक्समध्ये नव्या क्रमाने शोधायला गेलं की ओळ टेबलात असूनही सापडत नाही. खातं आहे, पण खातेदाराच्या नावाने शोधलं तर ‘नोंद नाही’. त्याहून वाईट म्हणजे, एकच नोंद दोनदा येऊ न देणाऱ्या युनिक इंडेक्सला जुनी नोंद दिसत नाही म्हणून तीच नोंद दुसऱ्यांदा आत जाऊ शकते. कुठलाही कंटेनर मरत नाही, कुठलाही अलार्म वाजत नाही. पतसंस्थेच्या खतावणीत दुहेरी नोंदी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे फक्त अल्पाइनमुळे होतं असंही नाही. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली तेव्हा तिच्यातले क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले आणि डेबियन १० वर जाणाऱ्यांचे इंडेक्स असेच बिघडले. अगदी अलीकडे, वर सांगितलेल्या ऑगस्ट २०२५ च्या सरकासरकीत पोस्टग्रेसचे नुसत्या आकड्याचे टॅगही बुकवर्मवरून ट्रिक्सीवर गेले. इमेज नव्याने ओढली की लॉगमध्ये ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ असा इशारा यायला लागला. कोलेशन म्हणजे मजकुराच्या क्रमाचे नियम. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसच्या मूळ कोलेशनची आवृत्ती नोंदवली जाते, म्हणून इशारा तरी मिळाला. त्या इशाऱ्यावर उपाय म्हणून पुष्कळ जण ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ची आज्ञा तेवढी चालवून मोकळे होतात. त्याने इशारा गप्प होतो, इंडेक्स जिथल्या तिथे राहतो. आधी रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं), मग रिफ्रेश, हा क्रम पाळा.

म्हणून तुमच्या कंपोझ फायलीत, म्हणजे सगळे कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फायलीत, आजच, बैठकीची वाट न बघता, पोस्टग्रेसच्या टॅगमध्ये डेबियनचं नाव लिहून टाका. आत्ता चालू कंटेनर कशावर आहे ते त्याच्या ‘ओएस-रिलीज’ फायलीत दिसेल, तेच नाव लिहा. पुढे कधी पाया बदलायचाच असेल तर पीजी-डंपने डेटा बाहेर काढून नव्या इमेजमध्ये भरा. त्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात, प्रश्नच उरत नाही.

याच अनुषंगाने एक गोष्ट, जी मराठी याद्या छापणाऱ्या प्रत्येकाने तपासावी. सभासदांची यादी बाइटच्या क्रमाने लावली तर ‘काळे’ हे आडनाव ‘काशीद’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येतं, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल-च्या लगेच पुढे ठेवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. सर्वसाधारण सभेच्या यादीत आपलं नाव शोधणारा म्हातारा सभासद वर्णमालेप्रमाणेच शोधणार. लावणीसाठी ऑर्डर बायच्या पुढे आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन सांगा. पोस्टग्रेसमध्ये ते ‘एमआर-एक्स-आयसीयू’ या नावाने तयार असतं. ही तीनच आडनावं घालून एकदा बघून घ्या. फक्त यादी लावताना वापरलंत तर इंडेक्सची भानगड येत नाही. त्यावर इंडेक्स बांधलात तर आयसीयूची आवृत्ती बदलतानाही रीइंडेक्स करायचं लक्षात ठेवा.

गोच्या सेवेचं उत्तर सोपं आहे. सीगो (गोमध्ये सी कोड जोडायची सोय) बंद करून बांधलेला गोचा प्रोग्राम एकटा चालतो, त्याला खाली डिस्ट्रो लागतच नाही. काही जण म्हणून थेट ‘स्क्रॅच’वर, म्हणजे पूर्ण रिकाम्या इमेजवर टाकतात. मग पहिल्याच एचटीटीपीएस कॉलला प्रमाणपत्र ओळखता येत नाही म्हणून एसएमएस अडतो, आणि ते निस्तरलं की एशिया/कोलकाता हा टाइमझोन सापडत नाही. डिस्ट्रोलेसच्या ‘स्टॅटिक’ इमेजमध्ये विश्वासार्ह प्रमाणपत्रांचा संच, टाइमझोनचा डेटा आणि रूट नसलेला वापरकर्ता एवढं असतं, आणि सगळं मिळून साधारण दोन एमबी. गोसाठी याहून चांगला पाया मला माहीत नाही.

मग पायथनसाठी डिस्ट्रोलेस का नको? एक तर तिथल्या पायथनची आवृत्ती डेबियनला बांधलेली असते. डेबियन १२ वर आधारलेल्या इमेजमध्ये ३.११ मिळतं, तुम्हाला ३.१२ हवं असलं तरी. दुसरं, पीडीएफसाठी लागणारं पँगो, फॉन्टकॉन्फिग आणि त्यांचं गणगोत तिथे एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाविना हाताने गोळा करून न्यावं लागेल, आणि ज्या दिवशी त्यातल्या एखाद्यात त्रुटी निघेल त्या दिवशी ती दुरुस्त करायची जबाबदारी तुमची. तिसरं कारण माणसांचं आहे. डिस्ट्रोलेसमध्ये शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, नाही. रात्री अकराला पतसंस्थेचा फोन आला की कंटेनरमध्ये शिरून बघायची सवय असलेल्या टीमचे हात बांधले जातात. कुबरनेटिसवर (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणारी प्रणाली) असाल तर १.२५ पासून स्थिर झालेले एफेमेरल कंटेनर आहेत, बाजूला तात्पुरता कंटेनर लावून आत डोकावता येतं. तुम्ही साध्या कंपोझवर आहात असं पत्रावरून वाटतं. तिथे आधी लॉग आणि मेट्रिक्स इतके नीट करा की आत शिरायची गरजच पडू नये, मग हा विचार करा. हल्लेखोराला शेल मिळत नाही हा डिस्ट्रोलेसचा फायदा खरा आहे, पण तुमच्या टीमला तो आत्ता झेपणारा नाही.

जावासाठी तेमुरिन या जावाच्या फुकट वितरणाची उबुंटूवरची जेआरई इमेज घ्या. कंपायलरसकट येणारं जेडीके नको, कंपायलर प्रॉडक्शनमध्ये कशाला हवा? जुनी सेवा जावा ८ वर असेल तर ८यू३७२ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांना सीग्रुप्स व्ही२, म्हणजे कंटेनरच्या मर्यादा ठरवणारी लिनक्सची नवी पद्धत, कळत नाही. होस्टचं लिनक्स नवं असेल तर कंटेनरला घातलेली मेमरीची मर्यादा जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या इंजिनाला) दिसत नाही, तो यंत्रातली सगळी मेमरी आपलीच समजून हीप (स्वतःच्या मेमरीचा वाटा) ठरवतो आणि कर्नल त्याला मारून टाकतो. व्याज आकारणीचं काम मध्येच बंद पडतंय अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

डेबियनवर माझा भर का, हेही सांगतो. त्यामागे आवडीनिवडीचा प्रश्न नाही. बेस इमेज निवडताना आपण एक सुरक्षा टीम निवडत असतो, आणि ती किती वर्षं, कुठल्या अटींवर काम करणार हे विचारायचं असतं. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण सुरक्षा अपडेट आणि पुढे दोन वर्षं एलटीएस, म्हणजे वाढीव देखभाल, मिळतं, आणि मागे कुठली कंपनी नाही की जी एका सकाळी धोरण बदलेल. रेड हॅटच्या पाठबळावरच्या सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं धरून लोकांनी इमेज बांधल्या. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो २०२१ च्या अखेरीलाच संपणार. २०२५ मध्ये बिटनामी या तयार इमेज पुरवणाऱ्या नावाखालच्या फुकट मिळणाऱ्या बहुतेक इमेज ‘लेगसी’ भांडारात हलवल्या गेल्या आणि तिथे त्यांना अपडेट मिळणं थांबलं. कंपनीला तो अधिकार आहेच, तक्रार नाही. पण पतसंस्थेचं सॉफ्टवेअर दहा-दहा वर्षं चालतं, त्याचा पाया निवडताना हे धरून चालावं लागतं. अल्पाइनची मुख्य पॅकेजेस साधारण दोन वर्षं सांभाळली जातात आणि ‘कम्युनिटी’ भांडारातली फक्त पुढची आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे सहा महिने. दर सहा महिन्यांनी पाया बदलायला तुमच्याकडे माणूस आहे का?

आणि ‘सगळ्यांत नवं तेच सुरक्षित’ असं कुणी बैठकीत म्हणालं, तर मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाचं प्रकरण सांगा. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार बसवलेलं निघालं. पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरायच्या साधनाने) आत जायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या शाखेत पोचल्या होत्या, स्टेबल या स्थिर शाखेत नाही.

पण डेबियन घेतलं आणि वर्षभर इमेज पुन्हा बांधलीच नाही, तर या सगळ्याचा काही उपयोग नाही. सुरक्षा टीमने काढलेला पॅच तुमच्या इमेजमध्ये आपोआप येत नाही. आठवड्यातून एकदा, कोडमध्ये काहीही बदललेलं नसलं तरी, सगळ्या इमेज नव्याने बांधल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या बिल्डमध्ये कॅश बंद आणि बेस नव्याने ओढण्याचा पर्याय चालू असला पाहिजे. इथे पुष्कळ टीम फसतात. सीआय (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) रोज हिरवं दिसतं, पण डॉकरफाइलमधली एपीटी-गेट अपडेटची ओळ बदललेली नसल्यामुळे डॉकर तो थर कॅशमधून उचलतो आणि आतली पॅकेजेस तीन महिन्यांपूर्वीची असतात. पक्की खात्री हवी असेल तर टॅगसोबत डायजेस्टही, म्हणजे इमेजचा नेमका ठसा, लिहा आणि तो बदलण्याचं काम रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट या आपोआप अपडेट सुचवणाऱ्या साधनावर सोपवा, म्हणजे पाया कधी बदलला याची नोंद गिटमध्ये राहते.

सोमवारसाठी सुचवतो ते असं. सरांना अल्पाइन चूक आहे असं सांगत बसू नका. त्यांना ओळी कमी व्हायला हव्या आहेत, ते योग्यच आहे. शनिवारी बसून पायथनची इमेज दोन टप्प्यांत स्लिमवर बांधा आणि तीन अहवाल शेजारी शेजारी ठेवा : जुन्या इमेजचा, स्लिमचा, आणि स्लिमचा फक्त दुरुस्ती उपलब्ध असलेल्या ओळींचा. चाचणी पावतीची छापील प्रत सोबत न्या. पोस्टग्रेसचा मुद्दा मांडताना तो प्रत्यक्ष दाखवून द्या. खऱ्या डेटाची प्रत अल्पाइनच्या पोस्टग्रेसला जोडा आणि पोस्टग्रेसचं ‘एएमचेक’ हे जोड-साधन चालवून इंडेक्स तपासा. तो काय म्हणतो, ते पडद्यावर सगळ्यांना वाचू द्या.